आप्पांच्या दारचा चहा

माणसाला चहा पाजणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा सुरतेला, डिंडोलीत येऊन निंबाआप्पांना भेटावं. आप्पा तुम्हाला बसा म्हणतील, चहाही विचारतील. पण विचारताना त्यांचा एक हात कमरेवर जाईल आणि तोंडातून असा उसासा निघेल, की तुम्हीच म्हणाल, राहू द्या आप्पा, आत्ताच घेऊन आलो.

आप्पा सुरतेजवळच्या सचिन गावात एका कापडाच्या प्रोसेस मिलमध्ये फोल्डिंग खात्याचे सुपरवायझर. दिवसभर दुसऱ्यांनी घातलेल्या घड्या बघायच्या आणि त्या वाकड्या आहेत असं सांगायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावर कुणी काही विचारू नये, कुणी काही सांगू नये आणि पंख्याचं बटण दुसऱ्या कुणीतरी दाबावं, एवढीच त्यांची देवाकडे मागणी असायची. पण घरात लग्नाची मुलगी असली की देव असल्या मागण्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

मयुरीचं लग्न ठरलं होतं. मुलगा नवापूरचा, माणसं चांगली, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा. सगळं कसं मार्गी लागलं होतं, आणि उन्हाळ्यातल्या एका सकाळी सरलाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "जिभाऊंचं काय?"

आप्पांनी पेपर वर धरला.

"मी काय विचारते?"

"ऐकलं."

"ऐकलं तर बोला. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला सख्खा मोठा काका नको? पाहुणे काय म्हणतील? अन् पाहुण्यांचं सोडा. जिभाऊ नसताना तुम्ही तरी उभे राहाल का त्या मांडवात?"

आप्पांनी पेपर आणखी वर धरला, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. (घरातलं हे बोलणं सगळं अहिराणीत चालायचं. तुमच्या सोयीसाठी मी ते जरा सरळ करून सांगतो. जिभाऊंचं मात्र सरळ होत नाही, ते आहे तसंच घ्यावं लागेल.)

जिभाऊ म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ योगराज. आप्पांना धुळ्याकडच्या गावातून सुरतेला आणलं त्यांनी. लूमवर चिकटवलं त्यांनी. पहिला पगार होईपर्यंत स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली तीही त्यांनीच. राहायलाही डिंडोलीतच, रेल्वेच्या पुलापलीकडे. आणि या दोघा भावांत गेली दहा-बारा वर्षं बोलणं नव्हतं. जमीन नाही, जुमला नाही, बायकांची भांडणं नाहीत. कारण काय, तर चहा.

आप्पांच्या या रो-हाउसच्या घरभरणीला घर माणसांनी फुललं होतं. सरलाबाईंच्या माहेरून आलेला निळ्या फुलांच्या कपबश्यांचा एकच संच होता. आत चहा ओतणाऱ्या कुणा भल्या बाईने शेवटची कपबशी बिल्डरपुढे केली आणि कप संपले म्हणून जिभाऊंपुढे स्टीलचा पेला ठेवला. जिभाऊंनी पेल्याकडे बघितलं. बिल्डरकडे बघितलं. बिल्डर चहा बशीत ओतून फुर्र करून पीत होता. जिभाऊ उठले, टोपी सारखी केली आणि भरल्या घरात म्हणाले, "निंबा, बिल्डरले कपबशी अन् भाऊले पेला? तुना दारना चहा आते तू मरशी तव्हयच पिसू!"

आप्पाही कमी नव्हते. "पेलाच तर होता, विष तर नव्हतं," असं ते मागाहून म्हणाले, आणि ते वाक्य पुलापलीकडे पोचायला दुपारही लागली नाही. त्याला कारण उषाबाई. उषाबाई राहतात आप्पांच्या गल्लीत आणि भजनाला जातात जिभाऊंच्या गल्लीत. त्या खोटं कधी बोलत नाहीत. बघितलं तेवढंच सांगतात, पण लगेच सांगतात.

तर या जुन्या दुखण्यावर औषध सुचवलं ते शेजारच्या कुंदनरावांनी. कुंदनराव एका वकिलाकडे कारकून आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीला पळवाट असते, फक्त ती त्यांनी स्वतः कधी वापरलेली नसते.

"शपथेचे शब्द काय होते?" त्यांनी ओट्यावर मांडी ठोकत विचारलं. "तुझ्या दारचा चहा. बरोबर? म्हणजे दोन मुद्दे झाले. एक, दार. दोन, चहा. आता चहा म्हणजे काय, आप्पा?"

"चहा म्हणजे चहा," आप्पा म्हणाले. ते नुकतेच पाळीवरून आले होते.

"असं कोर्टात चालत नाही. चहा म्हणजे दूध, पाणी, साखर, पत्ती, आलं. उकळलेलं. जिभाऊंनी त्याची शपथ घेतली. आता समजा, जपानचा चहा आहे. त्यात दूध नाही, साखर नाही, उकळी नाही. तो कसला चहा? तो काढा!"

इथे मयुरीचे डोळे चमकले. ती एका एक्स्पोर्टवाल्याच्या ऑफिसात कामाला आहे, आणि तिथे दर आठवड्याला कसला ना कसला दिवस साजरा होतो. "आप्पा, मे महिन्यात जागतिक चहा दिन असतो! आपण सोसायटीत कार्यक्रम करू. जगातले चहा. जपान, तिबेट, मोरोक्को, रशिया. प्रत्येकाची पद्धत वेगळी. जपानमध्ये वाडगा हातात फिरवून मग प्यायचा. तिबेटात चहात लोणी अन् मीठ घालतात."

"मीठ?" आप्पांनी हात कपाळाला लावला. "आणि आजारी माणसाला देतात का?"

"अन् तिथे पाहुण्याने घोट घेतला की लगेच कप पुन्हा भरायचा. रिकामा ठेवायचाच नाही."

"म्हणजे पाहुणा उठणारच नाही," सरलाबाई म्हणाल्या, पण त्यांनी तवा उतरवला होता. त्यांच्या डोक्यात बेत शिजायला लागला होता.

"आणि दुसरा मुद्दा, दार," कुंदनराव म्हणाले. "कार्यक्रम कॉमन प्लॉटवर, सोसायटीच्या मोकळ्या जागेत. कॉमन प्लॉट हे कुणाच्याही बापाचं दार नाही. दोन्ही मुद्दे निकालात."

कॉमन प्लॉटसाठी परवानगी लागते सोसायटीच्या प्रमुखांची. प्रमुख चंचलबेन. चंचलबेनांच्या परवानगीशिवाय आमच्या सोसायटीत कुत्रंही सावलीला बसत नाही. आप्पा मिलमधून आल्या पावली त्यांच्याकडे गेले. चंचलबेनांनी विचारलं, गॅस पेटवणार का, लाउडस्पीकर लावणार का, उष्टे कप कोण उचलणार, आणि हा कार्यक्रम कुठल्या पक्षाचा तर नाही ना. आप्पा उभ्याउभ्या नाही, हो, नाही म्हणत राहिले. शेवटी बिनदुधाच्या चहाचं ऐकून चंचलबेन खरोखर दुखावल्या.

"निंबाभाई, दूध वगरनी चा? एने ते चा केवाय?"

आप्पांनी त्यांना जगाची पद्धत समजावून सांगायचा प्रयत्न केला. स्वतःला न पटलेली गोष्ट दुसऱ्याला पटवून देण्याचे कष्ट फार असतात. परवानगी मिळाली, पण चंचलबेनांनी परसातल्या गवती चहाची एक जुडी जबरदस्तीने हातात दिली. निदान हे तरी घाला म्हणाल्या.

निरोप घेऊन कुंदनराव पुलापलीकडे गेले आणि चेहरा फुलवून परत आले. जिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले होते, "दार त्यानं नही, चहा आपला नही. मंग देखसू."

देखसू, म्हणजे बघू! दहा-बारा वर्षांत पुलापलीकडून आलेला हा पहिला बरा शब्द होता. "येईल नाही तर राहील, मला काय," आप्पा एवढंच म्हणाले. पण त्या संध्याकाळी सरलाबाईंनी बघितलं, तर आप्पा शोकेससमोर उभे राहून निळ्या फुलांची एक कपबशी धोतराच्या सोग्याने पुसत होते. बायकोला बघून त्यांनी ती घाईने ठेवून दिली आणि शोकेसमध्ये किती धूळ आहे, यावर चार शब्द सुनावले.

इथवर सगळं बरं चाललं होतं. माझा अनुभव असा, की आपलं काम इथवर बरं चाललं की माणसाने एखादी साधी आजाराची सुट्टी टाकून गावाला निघून जावं. आप्पा गेले नाहीत.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कॉमन प्लॉटच्या मधोमध बोअर खणणारी गाडी येऊन उभी राहिली. ती चैत्रापासून येणार होती. आप्पा धावत चंचलबेनांकडे गेले. चंचलबेनांनी दोन्ही हात वर केले. "बोअरवाळो आजे ज आव्यो, हुं शुं करूं? पाणी पीवुं छे के चा पीवी छे?" प्रश्न बिनतोड होता. प्लॉटवर चिखलाचा ढीग पडला, आणि कमिटीने उदार मनाने ठरवलं की कार्यक्रम आप्पांच्याच दारासमोर, गल्लीत व्हावा. गल्ली तशीही बंदच आहे.

कुंदनराव पुन्हा पुलापलीकडे गेले. या वेळी ते चेहरा पाडून आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जगना चहा ऱ्हावो का चंद्रना, दार तं निंबानंच शे ना?"

आप्पा ओट्यावर बसले. "मग बंद करा सगळं. मी कशाला लोकांना मिठाचा चहा पाजू? माझं काय अडलंय?"

"बंद कसं करणार? ग्रुपवर टाकलंय," कुंदनराव म्हणाले. "सगळ्यांनी अंगठे पाठवलेत."

आता अंगठे आल्यावर माणूस काय करणार? ज्याच्यासाठी हा सगळा घाट, तो येणार नाही, आणि जे येणार त्यांच्याशी आप्पांचं काही देणंघेणं नाही. असल्या कार्यक्रमाचे यजमान होण्याइतकं दमवणारं दुसरं काही नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपवाला आला. लग्नसराई ऐन भरात होती. गुलाबी, केशरी, मोरपंखी, सगळं कापड लग्नांना गेलं होतं. त्याच्याकडे उरलं होतं ते पांढरं. पांढऱ्या कनाती, पांढऱ्या चादरी आणि पांढऱ्या गाद्या. हे सामान तो बेसणांना देतो, म्हणजे गुजराती मंडळी कुणी गेल्यावर सांत्वनाला बसतात तेव्हा. "साफ छे, काका, धोयेलुं छे," तो म्हणाला. आप्पांनी कापडाच्या घड्या बघितल्या. घड्या सरळ होत्या. आप्पांना एवढंच दिसलं.

मग रशियाचा प्रश्न आला. रशियात म्हणे समोवार नावाचं भांडं असतं, पितळेचं, मधून धुराडं, खाली निखारे आणि बाजूला तोटी. मयुरीने फोनवर चित्र दाखवलं. कुंदनरावांनी चित्र आडवं धरून बघितलं, उभं धरून बघितलं आणि म्हणाले, "अहो, हा तर बंब!"

आणि होताच. आप्पांच्या माळ्यावर आईच्या वेळचा तांब्याचा बंब धूळ खात पडला होता. गावाहून सुरतेला येताना आईने डोक्यावर आणलेला. सरलाबाईंनी तो चिंच लावून लखलखीत घासायचं कबूल केलं. आता तो फक्त माळ्यावरून खाली काढायचा होता. आप्पा म्हणाले, मी काढतो. कुंदनराव खालून सूचना देत होते: डावीकडे, जरा उजवीकडे, पाय सांभाळा. बंब खाली आला, पण आप्पा अर्धेच आले. उरलेले अर्धे कमरेत अडकले.

"उसण!" कुंदनराव म्हणाले. "आडवे व्हा. गादी नको, कडक जमीन पाहिजे. पाठ अगदी सरळ. माझे मेहुणे असेच बरे झाले."

अशा रीतीने आप्पांना पुढच्याच खोलीत फरशीवर सतरंजी घालून उताणं झोपवलं. दारातून वारा येतो म्हणून पाय दाराकडे. माश्या बसतात म्हणून अंगावर मंडपवाल्याची एक पांढरी चादर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एक गोळी पाठवली, ती घेतल्यावर आप्पांना गुंगी आली. "कार्यक्रम उरका," ते म्हणाले. "मला उठवू नका." त्यांना खरं तर आतून बरंच वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

आता दूध. जगातले काही चहा दुधाचेही असतात. इंग्लंडमध्ये दूध आधी की चहा आधी यावर म्हणे माणसं आयुष्य काढतात. सरलाबाईंनी मोठं पातेलं भरून दूध आणलं होतं. सुरतेच्या मे महिन्याने ते पातेलं संध्याकाळपर्यंत नासवून ठेवलं. इंग्लंडचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. तिबेटचं लोणी वितळून त्याला असा वास सुटला की मयुरीने ते गुपचूप मोरीत ओतलं. मोरोक्कोचा पुदिना उन्हाने माना टाकून बसला. जपानी पूड ऑनलाइन मागवली होती, ती वाटेतच कुठेतरी होती. शिल्लक राहिला रशियाचा कोरा चहा, बंबातला.

लोक आले, पांढऱ्या गाद्यांवर बसले. दारात बंब धुमसत होता. त्याचा धूर सरळ सरलाबाईंच्या तोंडावर येत होता आणि त्या पदराने डोळे पुसत पुसत कागदी कपांत काळा चहा भरत होत्या. मयुरीने माइकशिवायच सांगितलं, की रशियात साखर चहात घालत नाहीत, खडा दातात धरतात आणि चहा पितात. "आमच्या आजीही गुळाचा खडा तोंडात धरून प्यायच्या," समोरच्या घरातल्या मालतीबाई म्हणाल्या. "त्यांना कुणी रशियाच्या म्हणालं नाही." तेवढा एक विनोद झाला. मग सगळ्यांनी घोट घेतला आणि मंडप गप्प झाला. चहात पत्ती कडक झाली होती आणि तळाला आंघोळीच्या पाण्याची चव होती. बायकांनी पदर ओठांना लावले. पुरुष खाली बघत राहिले. चंचलबेनांनी एकदा वर, देवाकडे बघितलं.

नेमक्या त्याच वेळी उषाबाई गल्लीच्या तोंडावरून चालल्या होत्या. महिनाभर माहेरी होत्या, तिथून थेट पुढच्या सोसायटीत एका हळदीला निघाल्या होत्या, हातात ताट; चहाच्या कार्यक्रमाचं त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. त्यांनी एक नजर टाकली आणि जागच्या जागी थबकल्या.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे कोरा चहा करून आणतात. त्यात दूध घालत नाहीत, आणि तो चहा कुणी नाकारत नाही. वैरी असला तरी दोन घोट घेतो. दारात आंघोळीसाठी बंब पेटतो. उषाबाईंनी बघितलं: पांढरा मंडप. मान खाली घातलेली माणसं. धुमसणारा बंब. डोळे पुसणाऱ्या सरलाबाई. हातोहात फिरणारा कोरा चहा. उघड्या दारातून दिसणारी, पांढऱ्या चादरीखालची दोन पावलं. हातात हळदीचं ताट होतं, त्यामुळे सुतकाच्या घराजवळ जाऊन विचारणं शक्य नव्हतं. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांनी पुलापलीकडे फोन लावला आणि बघितलं तेवढंच सांगितलं: "आप्पांच्या दारी कोरा चहा चालू आहे."

एवढं पुरलं. जगाचे चहा त्या क्षणी जिभाऊंना आठवलेही नाहीत.

रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा ती पुरती थांबायच्या आतच जिभाऊ उतरले. डोक्यावर टोपी नव्हती. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायातली रिक्षात राहिली. मंडपातल्या माणसांनी माना वर केल्या. ज्या दाराकडे जिभाऊंनी इतकी वर्षं पाठ केली, त्या दारात ते रडत चालले होते. लोकांना वाटलं, भाऊ भेटायला आला, मन भरून आलं. अशा वेळी कोण मध्ये बोलेल? कुंदनराव खुलासा करायला अर्धे उठले होते. सरलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या पदराआडून त्यांच्याकडे असं काही बघितलं, की ते पुन्हा बसले.

जिभाऊ आत आले. चादर बघितली, पावलं बघितली आणि मटकन खाली बसले.

"निंबा रे! मना आधी निंघी गया रे! मोठा मी शे का तू? सांगं नही, इचारं नही..."

आप्पा गुंगीतून जागे झाले ते या आवाजाने. आधी त्यांना वाटलं, स्वप्न आहे. मग कमरेत कळ आली, म्हणजे स्वप्न नव्हतं. डोळे उघडावेत असं त्यांच्या मनात आलं. पण इतक्या वर्षांत त्या तोंडून स्वतःचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. लहानपणी विहिरीवर पाय घसरला तेव्हा जिभाऊ असेच ओरडले होते. आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले. थोडा वेळ मेलेलं राहायला त्यांची काही हरकत नव्हती.

"एक पेलाकरता मी तुनं तोंड देखं नही रे," जिभाऊ कपाळ बडवत म्हणाले. "पेलाच तं व्हता. इख तं नव्हतं रे!"

सरलाबाई आत आल्या. त्यांनी सरळ शोकेस उघडली, निळ्या फुलांची कपबशी काढली, बाहेर जाऊन बंबाची तोटी सोडली, आणि कोऱ्या चहाने भरलेली ती कपबशी एक शब्दही न बोलता जिभाऊंसमोर ठेवली. जिभाऊंनी पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी कपबशीकडे बघितलं. सुतकाचा चहा नाकारायचा नसतो. आणि शपथही हीच होती, निंबा मरेल तेव्हाच पिईन. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि घोट घेतला. फुर्र.

सवय वाईट असते. भाऊ गेल्याच्या दुःखातही जिभाऊंच्या जिभेला कळलं. ते हुंदका देत म्हणाले, "साखर नही यामा."

"रशियाचा आहे," चादरीखालून आप्पा म्हणाले. "साखर दातात धरायची असते."

जिभाऊंच्या हातातली बशी अशी काही हलली की उरलेला चहा त्यांच्या सदऱ्यावर आला. त्यांनी प्रेताकडे बघितलं. प्रेताने एक डोळा उघडला.

"तू मरेल नही?"

"नाही. कंबर धरलीय."

हा वेळ फार वाईट गेला. जिभाऊंनी मागे वळून मंडपाकडे बघितलं. मंडपाने आपापल्या कपात बघितलं. एका पायात चप्पल, सदऱ्यावर चहा, सगळ्या सोसायटीसमोर रडून मोकळा झालेला थोरला भाऊ. आप्पांना वाटलं, संपलं. आता हे उठतील, आणि या वेळी नवी शपथ घेतील, तीही चहापुरती नसेल. "जिभाऊ," ते घाईघाईने म्हणाले, "तुम्ही रडत होता, तेव्हाच मी जागा झालो. बोलावंसं वाटेना. बरं वाटत होतं."

जिभाऊंनी हातातला कप उलटसुलट करून बघितला. निळी फुलं बघितली. मग ते मयुरीकडे वळले, कारण थोरल्या दिराने भावजयीशी सरळ बोलायचं नसतं.

"मयुरी, तीच कपबशी का ही?"

"तीच, मोठेबाबा. बिल्डरनंतर आईने कुणालाच दिली नाही."

जिभाऊंनी बराच वेळ नाक शिंकरलं. उपरण्याने डोळे पुसले, मग मिशी पुसली. आणि कप पुढे केला.

"तुनी मायले सांग, यामा दूध टाकाले. तुना बाप आजून मरेल नही."

घरात दुधाचा थेंब नव्हता. पण चंचलबेन मंडपातून केव्हाच उठल्या होत्या. संध्याकाळभर त्यांनी जगाचा चहा सहन केला होता. त्या घरून दुधाच्या पिशव्या घेऊन आल्या, आलं स्वतः ठेचलं, आपलीच गवती चहाची जुडी चिरून घातली आणि पातेलं गॅसवर चढवलं. दूध वर आलं तेव्हा सगळी गल्ली सावरून बसली. रशियाकडे कुणी पुन्हा वळून बघितलं नाही.

कुंदनरावांना मात्र राहवेना. "प्रश्न असा आहे," ते म्हणाले, "शपथ मोडली की पाळली?"

"तू गप बस," जिभाऊ म्हणाले. ते भिंतीला पाठ लावून बसले होते आणि दुसरा कप पीत होते. "मयुरी, लगनमा चहानं मी देखसू. तुमले माणसाले चहा देता येत नही. सगळासले कपबशी. अन् तो बिल्डर उना, तं त्याले पेला."

"बरं, मोठेबाबा," मयुरी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या गळ्यात पडली.

आप्पांना उशीला टेकवून जरासं बसतं केलं. त्यांचा चहा आला तो स्टीलच्या पेल्यातून. कप संपले होते. आप्पांनी पेल्याकडे बघितलं. जिभाऊंच्या हातातल्या कपबशीकडे बघितलं. त्यांनी पेला तोंडाला लावला.

जिभाऊ त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"काय रे, इख तं नही ना त्यामा?"

"नही, जिभाऊ," आप्पा म्हणाले. "साखर जरा जास्त शे."